कोणता कॅमेरा घेऊ?

काही प्रश्न असे असतात की ते विचारणाऱ्याला उत्तर नको असते, रुकार हवा असतो. स्थळ पाहून आलेला मुलीचा बाप चार ओळखीच्यांना, "कसं काय वाटतं हो?" असे विचारीत हिंडतो, तेव्हा त्याचे मनातून पक्के ठरलेले असते, चार माना हललेल्या त्याला पाहायच्या असतात इतकेच. "कोणता कॅमेरा घेऊ?" हा प्रश्न बहुधा याच जातीचा. गेली पस्तीसचाळीस वर्षे तो मला शहाड स्टेशनच्या फलाटावर, भाजीच्या पिशव्या दोन्ही हातांत असताना, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत तोंडात कापूस असताना विचारण्यात आला आहे. विचारणारा खिशात एक नाव घेऊनच आलेला असतो. मी ते नाव उच्चारले की मी जाणता, आणि दुसरे उच्चारले की, "काकांचं ज्ञान आता जुनं झालं!"

वास्तविक मी काही धंदेवाईक फोटोग्राफर नव्हे. उभा जन्म बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात घालवला आणि रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडलो. परंतु गावात एखाद्याला एखादा नाद आहे असे एकदा कळले की तो त्या विषयातला अधिकारी पुरुष ठरतो, आणि मग सुटका नाही.

आमचे शहाड म्हणजे कल्याणच्या पुढचे, कसाऱ्याच्या वाटेवरचे पहिले स्टेशन. जलद गाडी पकडण्याच्या घाईत असणाऱ्यांना ते केवळ डब्याच्या खिडकीतून ठाऊक असते. पण हौशी छायाचित्रकाराला येथे काय कमी आहे? एका बाजूला सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्याचा परिसर. हा कारखाना १९५० च्या दशकात उभा राहिला आणि त्याच्याबरोबर आमच्यासारख्यांची बिऱ्हाडे येथे आली. जवळच बिर्ला मंदिर, म्हणजे आमच्या भाषेत विठोबाचे देऊळ. आषाढी एकादशीला तेथे अशी रीघ लागते की पंढरीला न गेलेल्यांची रुखरुख निम्मी कमी व्हावी. आणि आंबिवलीच्या दिशेने गेले की उल्हास नदी: उन्हाळ्यात अंग चोरून बसलेली, श्रावणात दोन्ही काठ खाणारी. माणसे, देऊळ, नदी, आगगाडी. यापलीकडे फोटो काढण्याजोगे जगात फारसे काही उरते असे मला वाटत नाही.

आता कॅमेऱ्याची निवड कशी होते ते पाहा. सकाळच्या लोकलमध्ये या विषयावर जी चर्चा चालते तिच्यात पहिला मान मेगापिक्सेलचा. माझा चोवीसचा, त्याचा पंचेचाळीसचा, अशी बोली लिलावासारखी चढत जाते. मी एकदा कागदावर हिशेब मांडून दाखवला. बारा इंच बाय आठ इंचांचा, म्हणजे भिंतीवर लावण्याजोगा, उत्तम छपाईचा फोटो हवा असेल, तर इंचाला ३०० बिंदू धरून ३,६०० गुणिले २,४०० बिंदू लागतात. ते झाले शहाऐंशी लाख चाळीस हजार. म्हणजे नऊ मेगापिक्सेलसुद्धा नाहीत. भिंगे बदलता येणाऱ्या साध्यातल्या साध्या कॅमेऱ्यातही आज बहुधा याच्या दुपटीहून अधिक बिंदू असतात. हा हिशेब ऐकून मंडळी क्षणभर गप्प झाली आणि डोंबिवली येताच पुन्हा पंचेचाळीसवर गेली.

म्हणून हल्ली मी विचारणाऱ्यालाच एक प्रश्न विचारतो. "कॅमेरा कोणता ते मागाहून पाहू. तुला फोटो कशाचे काढायचे आहेत, आणि त्या वस्तूपासून किती अंतरावर उभं राहण्याची तुझी तयारी आहे?" पहिल्या अर्ध्या प्रश्नाला उत्तर येते. "सगळ्याचेच!" दुसऱ्या अर्ध्यावर माणूस अडखळतो. अंतराचा कॅमेऱ्याशी काय संबंध, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर उमटतो. तो संबंध मी पुस्तकात शिकलो नाही. तो आमच्या घरात एका पत्र्याच्या डब्यात होता.

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, साताऱ्याकडून नोकरीसाठी शहाडला आले. १९७१ च्या दिवाळीत बोनस हाती पडला, तेव्हा आजीने सुचवलेले तांब्याचे घंगाळ न आणता त्यांनी कॅमेरा आणला. आग्फा क्लिक थ्री. त्या काळी हा कॅमेरा बडोद्याला तयार होई आणि मध्यमवर्गीयांच्या कितीतरी घरांत तो पहिलाच कॅमेरा असे. काळा, चौकोनी, डब्यासारखा. एका रिळात बारा फोटो. त्याला भिंग एकच, अगदी साधे, आणि फोकस जुळवण्याची भानगड नाही. दहाएक फुटांवर माणसे उभी करायची, सूर्य आपल्या पाठीशी घ्यायचा आणि खटका दाबायचा. फार जवळ गेले की चेहरा पुसट येई. म्हणून नाना जवळ जात नसत. रीळ महाग, धुलाई महाग. बारा फोटो आमच्या घरी वर्षभर पुरवायचे असत. गणपतीला दोन, दिवाळीला तीन, कुणी पाहुणा आला तर एक, अशी वाटणी आई दिवाळीच्या फराळासारखीच करी.

आई १९८३ साली गेली. तेराव्याच्या आधी भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून तो पत्र्याचा डबा उघडला. बारा वर्षांचे फोटो होते, आणि जवळजवळ सगळ्यांत आई होती. देवळापुढे, नदीच्या घाटावर, आजीच्या शेजारी, माझ्या मुंजीत. परंतु प्रत्येक फोटोत ती दहा फुटांवर, पायांच्या नखांपासून डोक्यावरच्या पदरापर्यंत पुरी. तिचा चेहरा मसुरीच्या दाण्याएवढा. आणि सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांवर. त्यामुळे एकाही फोटोत तिचे डोळे पुरते उघडे नव्हते. त्यातल्या त्यात बरा एक फोटो घेऊन मी कल्याणला एका स्टुडिओत गेलो. तेथले वयस्क गृहस्थ भले होते. ते म्हणाले, "चेहरा मोठा करून देतो, पण दाणे फुटतील. डोळे ब्रशानं काढावे लागतील." त्या काळी स्टुडिओत अशी कारागिरी सर्रास चाले. आठ दिवसांनी फोटो आला. डोळे उत्तम काढले होते. टपोरे, शांत, उघडे. फक्त ते आईचे नव्हते. नानांनी फोटोकडे पाहिले, हार घातला आणि ते काही बोलले नाहीत.

यात दोष कोणाचाच नाही. नानांनी त्या बारा बारा फोटोंत जे जमवले ते आजही मी जपून ठेवले आहे. अंगणे, साड्या, माणसांची दाटी, सारे त्यांत आहे. त्या कॅमेऱ्याने तर जे कबूल केले होते ते चोख दिले. पण त्याचे भिंग दहा फुटांवरून जग पाहणारे होते, आणि म्हणून आमच्या घराच्या आठवणीही दहा फुटांवरच्या राहिल्या. भिंग म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळले. आपण कोणापासून किती दूर उभे राहणार, हे ते आधीच ठरवून टाकते.

१९८५ मध्ये मी नोकरीत कायम झालो आणि मुंबईच्या कोटातल्या बोरा बाजारात जाऊन एक जुना पेंटॅक्स के-१००० घेतला. त्याच्याबरोबर ५० मिलिमीटरचे भिंग होते. या कॅमेऱ्यात उजेड मोजणारा एक काटा सोडला तर बाकी सगळी चाके आणि स्प्रिंगा. पहिले रीळ घातले तेव्हा नाना रात्रपाळी करून आले होते आणि उंबऱ्याशी चहा पीत बसले होते. दारातून सकाळचा मऊ उजेड त्यांच्या एका गालावर पडला होता. मी समोर जाऊन बसलो. हात लांब केला असता तर खांद्याला लागला असता इतका जवळ.

"अरे, मागे सर की. सगळा येऊ दे," नाना म्हणाले.

"सगळं नको नाना, चेहराच हवाय."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "काढ मग."

भिंगातून पाहिले तर त्यांच्या डाव्या भुवईत एक आडवा व्रण. चोवीस वर्षे एका छपराखाली राहून तो मी पाहिला नव्हता. "हे कशाचं?" मी विचारले. "गावच्या विहिरीचं. अकरा वर्षांचा होतो," असे म्हणून त्यांनी जी हकिकत सुरू केली ती चहा निवून गेला तरी संपली नाही. आमच्याकडे वडील आणि मुलगा फारसे बोलत नसत. त्या दिवशी आम्ही तासभर बोललो. नाना १९९९ साली गेले, तेव्हा फोटो शोधावा लागला नाही.

तेव्हापासून माझे एक मत झाले आहे आणि ते फुकट सल्ला मागणाऱ्या प्रत्येकाच्या पदरात मी बांधतो. आधी काय पाहायचे ते ठरव, मग भिंग ठरव, आणि सर्वांत शेवटी कॅमेरा. आपल्याकडे नेमके उलटे चालते. आधी कॅमेरा घेतात, त्याबरोबर जे भिंग येते ते वापरतात, आणि मग काय काढावे असा विचार करीत महाबळेश्वरला जातात.

या बाबतीत दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. हा माणूस गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय करून आलेला, ठसे बनवण्याची आणि छपाईची कला शिकलेला. यंत्रांचा मोह त्यांना पडला असता तर नवल नव्हते. परंतु ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून त्यांच्या डोळ्यांपुढे आपले राम-कृष्ण हलू लागले, आणि काय दाखवायचे हे आधी पक्के झाले. मग विम्याच्या पॉलिस्या गहाण ठेवून ते १९१२ साली लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. आणल्यावर पहिले काम काय केले? कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वेल होईपर्यंत रोज थोडे थोडे चित्रण केले. महिन्याभराची वाढ पडद्यावर घटकेत दिसू लागली. कर्ज देणाऱ्याचा विश्वास बसला तो त्या वाटाण्यामुळे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्याच्या मागे हा कुंडीतला वेल आहे. विश्वामित्र आणि तारामती पुढे आल्या. आधी फूटभर अंतरावरचे रोपटे न्याहाळणे आले.

आता थोडी भिंगाची ओळख करून घेऊ. घाबरू नये, यात शाळेतल्या त्रैराशिकापलीकडे काही नाही. भिंगावर जो मिलिमीटरचा आकडा असतो तो लहान असेल तर दृश्य रुंद दिसते, मोठा असेल तर अरुंद पण जवळचे दिसते. जुन्या रिळाच्या कॅमेऱ्यात, किंवा आज ज्याला फुल फ्रेम म्हणतात त्या ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर, ५० चे भिंग साधारण मधले मानतात. परंतु परवडणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर याहून लहान, सुमारे २४ बाय १६ मिलिमीटरचा असतो. त्यावर तेच ५० चे भिंग ७५ सारखे वागते. दुकानदार हे सांगतोच असे नाही. त्याचा परिणाम घरी आल्यावर कळतो. दहा बाय बाराच्या खोलीत भाऊबीजेचा फोटो काढायला गेलात की पाठ भिंतीला टेकते आणि तरी एक भाऊ बाहेर राहतो. हिशेब सरळ आहे: लहान सेन्सरवर दहा फुटांवरून ५० चे भिंग पावणेपाच फुटांची रुंदी घेते, ३५ चे पावणेसात फुटांची. आपली घरे केवढी आहेत ते पाहता, लहान सेन्सरवाल्याने घरासाठी पहिले जादा भिंग ३५ चे घ्यावे, हे बरे.

दुसरा आकडा भिंगाच्या तोंडाचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा. येथे उलटा न्याय आहे. आकडा जितका लहान, तोंड तितके मोठे. कॅमेऱ्याबरोबर जे १८-५५ चे भिंग फुकटात आल्यासारखे येते, त्याचे तोंड लांबच्या टोकाला ५.६ पर्यंतच उघडते. ५० मिलिमीटरचे १.८ वाले स्वस्त भिंग त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. दिवाळीच्याच दिवसांत याची परीक्षा होते. पणत्यांच्या उजेडात रांगोळीपाशी बसलेल्या मुलीचा फोटो १.८ वर सेकंदाच्या साठाव्या भागात निघत असेल, तर ५.६ वर त्याला सेकंदाचा सहावा भाग लागेल. तेवढ्या वेळात मुलगी तीनदा हलते, आणि फोटोत मुलीऐवजी धूर दिसतो. फ्लॅश मारला तर मुलगी स्थिर येते, पण पणत्यांचा उजेड मरतो. म्हणजे ज्यासाठी फोटो काढला तेच जाते.

आणखी एक गैरसमज. फोनने अगदी जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, तेव्हा लोक भिंगाला नावे ठेवतात. खरे कारण अंतर हेच आहे. फूटभरावरून पाहिले तर नाक कानांपेक्षा कितीतरी जवळ असते, म्हणून मोठे दिसते. चारपाच फुटांवरून हा फरक नगण्य होतो. फोनचे मुख्य भिंग रुंद पाहणारे, त्यामुळे चेहरा मोठा यावा म्हणून आपण अगदी नाकाशी जातो. चेहऱ्यासाठी ७५ ते ८५ च्या भिंगाची प्रशंसा करतात ती याचसाठी. त्याने चारपाच फुटांवरून, म्हणजे आपण गप्पा मारताना बसतो तितक्या अंतरावरून, चेहरा चौकट भरून येतो.

येथे कोणी म्हणेल, मग सगळीच भिंगे घ्यावीत! त्यावर मी होमाई व्यारावाला यांचे नाव सांगतो. आपल्या देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या, आणि पुढे दिल्लीत स्वातंत्र्याचा पहिला सोहळा, पंडित नेहरू, येणारेजाणारे राजेरजवाडे, सारे त्यांनी टिपले. त्यांचा रोलिफ्लेक्स प्रसिद्धच आहे. पोटाशी धरून वरून आत पाहायचा तो कॅमेरा. त्याचे भिंग बदलता येत नाही. दृश्य मोठे हवे तर पाय पुढे टाकायचे, लहान हवे तर मागे. साडी नेसून, सगळे अवजड सामान सायकलवरून नेऊन त्यांनी हे केले आणि १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवला. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. एका भिंगात किती जग मावते याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

तरीही लांबच्या भिंगाला त्याचे स्थान आहे, आणि ते मला एका मुलीने पटवले. आमच्याच इमारतीतली, नोकरीला लागून वर्ष झालेली. ती पहिला बोनस घेऊन माझ्याकडे आली. मी सवयीने विचारले, "किती अंतरावर उभी राहणार?" ती म्हणाली, "काका, मला ठाण्याच्या खाडीतले रोहित काढायचेत. त्यांच्या जवळ गेले तर ते उडतील. मला लांबच राहायचं आहे." मी निरुत्तर झालो. ठाणे खाडीचा तो भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तेथे गुलाबी थवे उतरतात. दूर चिखलात चरणाऱ्या पाखराला त्रास न देता पाहायचे तर ४०० मिलिमीटरचे भिंग हवेच. लहान सेन्सरवर शंभर फुटांवरचा रोहित त्यात चौकट भरून दिसतो. तिचा प्रश्न आधीच सुटला होता. आम्ही जुना, वापरलेला कॅमेरा आणि त्यामानाने बरे लांबचे भिंग पाहिले. १५०-६०० ची भिंगे तिने हातात घेऊन पाहिली, सुमारे दोन किलो भरली, आणि ती म्हणाली, "नावेत हे धरून बसायचं? नको." हेही शहाणपणच.

ज्याच्यापासून दूर राहणे हाच शिष्टाचार, त्याच्यासाठी लांबचे भिंग. मात्र माणसांच्या बाबतीत तेच भिंग कित्येकदा संकोच लपवण्यासाठी वापरतात. घाटावर धुणे धुणाऱ्या बाईचा फोटो पुलावरून चोरून काढणारे पुष्कळ भेटतात. खाली उतरावे, दोन शब्द बोलावेत, ती नको म्हणाली तर परत यावे. हो म्हणाली तर असा फोटो मिळतो की पुलावरून तो शंभर वर्षांत मिळायचा नाही.

आता सोयरिकीचा मुद्दा. कॅमेरा घेणे म्हणजे एका घराण्याशी सोयरीक करणे होय. एका कंपनीचे भिंग दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर सहसा बसत नाही; त्या बैठकीला माउंट म्हणतात. पत्रिकेत गुण छत्तीस, आणि रिळात फोटोही छत्तीस, पण माउंट जुळला नाही तर छत्तीसचा आकडाच! निकॉनने आपली जुनी बैठक १९५९ पासून चालवली. कॅननने १९८७ मध्ये बदलली. आणि २०१८ मध्ये बिनआरशाच्या कॅमेऱ्यांसाठी दोघांनीही नव्या बैठका काढल्या. आरसा गेल्याने कॅमेरा आटोपशीर झाला, डोळा लावताच फोटो कसा येणार ते आधीच दिसू लागले. आणि त्याचा एक फायदा आपल्यासारख्यांना असा की आरशाचे चांगले कॅमेरे व भिंगे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. कॅमेरे चारपाच वर्षांत जुने होतात, काच मात्र नीट ठेवली तर पिढी काढते. तेव्हा दहा रुपयांतले सहा भिंगावर खर्च करावेत.

जुने भिंग घेताना विजेरी बरोबर न्यावी. एका बाजूने उजेड पाडून दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ते भिंग कितीही स्वस्त असो, परत द्यावे. ती बुरशी. आमच्या शहाडसारख्या नदीकाठी पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीच असते, आणि कातडी पिशवीत घालून कपाटात ठेवलेला कॅमेरा म्हणजे बुरशीला बोलावणे. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि ओलावा दाखवणारे छोटे घड्याळ, एवढ्यात काम भागते. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहावा. निळी सिलिका गुलाबी झाली की ती भिजली असे समजावे. आमची सौ. या डब्याला "तुमचा देव्हारा" म्हणते. मी रागावत नाही, कारण श्रावणात त्यात तिची केशराची डबीही मुक्कामाला असते.

"पण हातात फोन असताना कॅमेरा हवाच कशाला?" असे कोणी विचारले तर मी फार वाद घालीत नाही. फोन उत्तम आहे आणि तो सदैव बरोबर असतो. ज्याला फोनमधल्या फोटोंनी समाधान आहे त्याने पैसे वाचवून घंगाळ घ्यावे. कॅमेरा घ्यावा तो फोन जेथे थांबतो तेथे जायचे असेल तर: मिणमिणत्या उजेडात, दूरच्या पाखरापाशी, किंवा एखाद्या चेहऱ्यापाशी थोडा वेळ बसायचे असेल तर. त्यासाठी बोरा बाजारात जावे, चार कॅमेरे हातात घ्यावेत, आपली बोटे चाकांवर सहज पोचतात का ते पाहावे. विकत घेण्यापूर्वी मित्राचे भिंग रविवारभर मागून आणावे. त्या एका रविवारी जे कळते ते दुकानदाराच्या तासभराच्या बोलण्यात कळत नाही.

या दिवाळीत नवा कॅमेरा घरात येवो वा न येवो, एक गोष्ट करण्याजोगी आहे. आज आपण एका संध्याकाळी तीनशे फोटो काढतो आणि पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांतला एकही पुन्हा पाहत नाही. त्यांतून वर्षाला बारा निवडावेत, कागदावर छापून घ्यावेत, मागे तारीख आणि नावे लिहावीत. आणि त्या बारांत निदान चार तरी असे असावेत, की ज्यांत घरातल्या एकेका माणसाचा नुसता चेहरा आहे, डोळे उघडे आहेत, आणि उजेड खिडकीचा आहे. फराळ तळणारी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही, म्हणून तिचा फोटो राहून जातो. कॅमेरा कोणता का असेना, तो घेऊन आपणच आत जावे. तेथे उजेड बेताचा असतो, जागा अडचणीची असते, आणि तीनचार फुटांच्या पलीकडे सरकता येत नाही. पहिल्या भिंगाची निवड त्या जागेवर उभे राहून करावी.